भेटायला येणारे कमी करा, सोबतीला थांबणारा तयार करा

तुमच्या सासऱ्यांचं वय ७२, मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे, आणि पुढच्या आठवड्यात पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरलंय. दाखल होण्याआधीच हातात नियमांचं पान पडलं: पेशंटजवळ एकच जण थांबणार, भेटायची वेळ चार ते सहा, बाहेरचं खाणं बंद, बारा वर्षांखालची मुलं आणायची नाहीत, दागिने आणि रोख जवळ ठेवायची नाही. कराडकडचे नातेवाईक गाडी करून यायच्या तयारीत आहेत. सासूबाईंच्या मते हे सगळं कॅन्टीन चालावं म्हणून काढलेलं आहे. आणि तुमचा प्रश्न असा, की यातलं काय मनापासून पाळायचं, कुठे सूट मागायची आणि आपले हक्क काय.

सरकारी आणि ट्रस्टच्या, दोन्हीकडच्या वॉर्डांत माझी नोकरी झाली. निवृत्तीआधीची बरीच वर्षं ऑर्थो वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. त्यावरून सांगते: भेटायला येणारे जितके कमी करता येतील तितके करा, आणि सोबतीला थांबणारा माणूस नीट तयार करा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. दिवसभर सगळी भावकी येऊन जाते आणि रात्री पेशंटजवळ झोपायला जो कोणी रिकामा असेल त्या पुतण्याला पाठवतात. काकांना कुठल्या गोळ्या चालू आहेत हे त्याला ठाऊक नसतं, आणि काका रात्री किती वेळा उठतात हेही नसतं.

आधी भेटीच्या वेळेचं. चार ते सहा हीच वेळ का, हे वॉर्डचा दिवस पाहिला की कळतं. पहाटे साखर आणि बीपी, मग स्पंजिंग, बेड बदलणं, आठला सिस्टरांची ड्यूटी बदलते, त्यानंतर डॉक्टरांचा राऊंड, ड्रेसिंग, फिजिओ, तपासण्या, जेवण, दोनला पुन्हा ड्यूटी बदल. त्यानंतर पेशंटला कुठे तास-दीड तास डोळा लागतो. चारला तो उठतो, चहा घेतो, तेव्हा माणसं आलेली त्यालाही बरी वाटतात. सकाळी दहाला तुम्ही पाच जण आत आलात तर राऊंडला आलेला डॉक्टर पेशंटशी बोलायचं सोडून तुमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाशी बोलतो. आणि ड्रेसिंग चालू असताना पडद्याच्या आत डोकावणारा एक तरी असतोच.

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये गर्दीचा धोका इतर ऑपरेशनांपेक्षा वेगळा असतो. शरीरात धातूचा आणि प्लास्टिकचा सांधा बसवलेला असतो. त्याला जंतू चिकटले तर नुसत्या औषधाने बऱ्याचदा भागत नाही, पुन्हा उघडावं लागतं, कधी बसवलेला सांधा काढावाही लागतो. म्हणून सर्दी-खोकला, ताप, जुलाब किंवा अंगावर गळू असलेल्या माणसाने येऊच नये. हा नियम कागदावर नसला तरी पाळा. पेशंटच्या बेडवर बसायचं नाही, पिशवी आणि डबा बेडवर ठेवायचा नाही. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावून झाल्यावर बेडशी लटकवलेल्या बाटलीतलं हँडरब तळहात ओला होईल इतकं घेऊन वीस ते तीस सेकंद चोळायचं. बोटांची टोकं आणि अंगठे विसरायचे नाहीत. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणीच हवं, आणि ते चाळीस ते साठ सेकंद. सिस्टर किंवा डॉक्टर हात साफ न करता जखमेला हात लावायला आले तर “हात झाले का?” असं विचारायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

कराडकरांचं काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे हे मला कळतंय. न जावं तर बोल लागतो, “साधं बघायलासुद्धा आले नाहीत” हे वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. यावर मी पेशंटच्या घरच्यांना एकच तोडगा सांगायचे. निरोप तुम्ही सुनेने देऊ नका, सासऱ्यांनी स्वतः किंवा त्यांच्या मोठ्या भावाने फोन करून द्यावा: “डॉक्टरांनी गर्दी करू नका म्हणून बजावलंय, मी घरी आलो की पंधरा दिवसांनी निवांत या.” सुनेने सांगितलं तर तो अपमान होतो, दादांनी सांगितलं तर तो डॉक्टरांचा हुकूम होतो. दिवसातून एकदा, संध्याकाळी, घरातल्या एकाने नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात. फोटो टाकू नका. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो गावभर फिरतो आणि मागच्या बेडवरचा परका पेशंटही त्यात येतो.

मुलांची बारा वर्षांची अट हा काही कायदा नाही, प्रत्येक रुग्णालय आपापल्या सोयीने ठरवतं. नातवाला भेटल्याशिवाय आजोबांना चैन पडत नसेल तर व्हिडिओ कॉल लावून द्या. फारच आग्रह असेल तर पेशंट व्हीलचेअरवर बसायला लागल्यावर वॉर्डबाहेरच्या व्हरांड्यात पाच मिनिटं भेटवता येतं का, हे इनचार्ज सिस्टरला विचारा. बऱ्याचदा होकार मिळतो. सूट मागायचीच तर ती अशी, आधी विचारून मागावी. गेटवरच्या सिक्युरिटीला दमदाटी करून मिळवलेल्या सुटीचा राग पुढे वॉर्डमध्ये निघतो, हे खरं सांगते.

आता सासूबाईंचं कॅन्टीन. त्यांचा संशय अगदीच निराधार नाही, काही ठिकाणी तसं चालतं. पण खाण्याचा नियम बहुतेक वेळा पेशंटच्या जिवाशी जोडलेला असतो. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं का हवं, तर भूल दिल्यावर पोटातलं उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. साधारण नियम असा: हलकं खाणं सहा तास आधी बंद, जड जेवण असेल तर आठ तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या पेशंटसाठी नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, तीच खरी. यात सगळ्यात जास्त घोळ चहाचा होतो. “काही दिलं नाही हो, नुसता कपभर चहा दिला.” दूध घातलेला चहा भुलेच्या हिशोबात खाण्यात धरतात, पाण्यात नाही. त्या एका कपापायी ऑपरेशन पुढे गेलेलं पाहिलंय, आणि पुढे जाणं हेच बरोबर होतं. बिस्किट, राजगिऱ्याचा लाडू, देवाचा प्रसाद, सगळं त्यातच.

ऑपरेशननंतर डबा आणायचा असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून आणा. घरची भाकरी-भाजी, मुगाची खिचडी याला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, फक्त ते कळलं पाहिजे. कारण साधं आहे: सासऱ्यांना जेवणाच्या वेळेशी जोडून इन्सुलिन देतील. इन्सुलिन टोचलं आणि पेशंट म्हणाला “आत्ता नको, डबा येतोय”, आणि डबा ट्रॅफिकमध्ये अडकला, तर साखर झपाट्याने खाली जाते. घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं विचित्र झालं, तर वाट न पाहता सिस्टरला हाक मारा.

आणि ते शहाळं! आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपल्याकडची रीत आहे. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. मधुमेहाने किंवा बीपीने मूत्रपिंड अधू झालेल्या पेशंटच्या रक्तात ते साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. तुमच्या सासऱ्यांना दोन्ही आजार आहेत, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचे रिपोर्ट पाहून डॉक्टर हो म्हणेपर्यंत शहाळं, मोसंबीचा रस, ओआरएस यातलं काही देऊ नका. भेटायला येणाऱ्याला काही आणायचंच असेल तर सोबत थांबलेल्या माणसासाठी जेवण आणू द्या. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

दाखल होताना एक काम तुम्ही स्वतः करा. सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढे, गुडघ्याचं तेल, झोपेची गोळी, सगळं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि साखरेच्या काही नव्या गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. कुठली कधी थांबवायची हे भूलतज्ज्ञांना आजच विचारा, दाखल व्हायच्या दिवशी नको आणि स्वतःच्या मनानेही नको. एकदा दाखल झाल्यावर मात्र ती पिशवी परत घरी पाठवा किंवा सिस्टरच्या ताब्यात द्या. उशाशी राहिली की काय होतं? सकाळी आठला सिस्टर बीपीची गोळी देते, नऊला सासूबाई सवयीने तीच गोळी पुढे करतात, आणि दहाला बीपी का पडलं म्हणून धावपळ होते.

दुसरी गोष्ट घरात बोलायला अवघड आहे, पण विचारते. सासरे रोज थोडी घेतात का? “नाही हो, सणासुदीला” हे उत्तर मी फार ऐकलंय, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच गृहस्थ थरथरत, घामाघूम होऊन, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ओरडत सलाईन उपटताना पाहिलेत. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की शेवटच्या पेल्यानंतर दोन-तीन दिवसांत असा झटका येऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. आधी सांगितलं तर डॉक्टर औषध देऊन तो टाळतात. तंबाखू आणि मिश्रीचंही सांगा. तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो आणि तो अचानक सुटल्यावर माणूस चिडचिडा होतो. सासूबाईंसमोर बोलायचं नसेल तर डॉक्टरांना बाजूला गाठून सांगा. ही माहिती केसपेपरवर जाते, गावात जात नाही.

गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, नखाएवढ्या चिरेतूनही जंतू आत जातात. गरज असली तर रुग्णालयात मशीनने कापतील. दात किडलेला असेल, लघवीला जळजळ असेल, पायाला भेगा पडून पिकल्या असतील तर लपवू नका. अंगठी, साखळी, गंडा, कडदोरा घरीच काढून ठेवा. सुजलेल्या बोटातून अंगठी कापून काढायची वेळ येते. कवळी ऑपरेशनला नेताना काढतील, तिच्यासाठी झाकणाची डबी न्या. टिश्यूत गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाते आणि पेशंट महिनाभर पेजेवर राहतो. चष्मा आणि कानाचं मशीन मात्र शेवटपर्यंत जवळ असू द्या. ऑपरेशन व्हायच्या पायावर डॉक्टर मार्करने खूण करतात. ती खूण चुकीचा गुडघा उघडला जाऊ नये म्हणून असते, तेव्हा आंघोळ घालताना घासून काढू नका. हातातला नावाचा पट्टाही टोचतो म्हणून कापायचा नाही. प्रत्येक इंजेक्शनच्या आधी नाव विचारलं जातं, तेव्हा “सकाळपासून दहा वेळा सांगितलं” असं वैतागू नका. जी सिस्टर विचारत नाही तिची काळजी वाटायला हवी.

आता सोबतीचा माणूस. रात्री कोण थांबणार हे आत्ताच ठरवा. धडधाकट, गाढ न झोपणारा, आणि ज्याला सासरे लघवीला जायचंय हे न लाजता सांगतील असा कोणी. सून म्हणून तुम्ही दिवसा थांबा, रात्री मुलगा किंवा जावई. पुरुष वॉर्डात रात्री बायकांना थांबू देत नाहीत, त्यामागचं कारण तुम्हाला सांगायला नको.

त्या माणसाला काय शिकवायचं? पाठीतून भूल दिल्यावर काही तास पाय बधिर असतात. त्या अवस्थेत पेशंट “मला काही होत नाही” म्हणत उठायला बघतो आणि पडतो. बेडचे कठडे वर असू द्या. पहिल्यांदा उभं राहणं फिजिओ किंवा सिस्टरच्या हाताखालीच, बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. त्यानंतरही रात्री एकट्याने बाथरूमला जायचं नाही. आपल्याकडची वडीलधारी माणसं “पोराला कशाला उठवायचं” म्हणून अंधारात चाचपडत जातात. नवीन गुडघ्यावर पडलेले मी पाहिलेत ते बहुतेक असेच. तेव्हा सासऱ्यांना मुलाने आधीच सांगून ठेवावं, की मी झोपायला नाही, उठायला आलोय. लुंगी किंवा सैल धोतर नको, पायात अडकतं. गुडघ्याच्या वर राहील अशी हाफ पँट आणि मागे पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल न्या.

गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. घरच्यांना ही माया आवरत नाही, कारण उशी ठेवली की पेशंटला बरं वाटतं. पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे सरळ करायला फिजिओला महिना-महिना झगडावं लागतं. ठेवायचीच तर टाचेखाली, तीही फिजिओने सांगितली तर. पावलं घोट्यातून वर-खाली करण्याचा व्यायाम जागेपणी दर तासाला करून घ्या, त्याने पायात रक्त साकळत नाही. पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर ते “गॅस” म्हणून सोडायचं नाही, लगेच सांगायचं.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली असायला हवी. स्ट्रेचरवर घेताना कोणीतरी ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतं, पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्गाची सोय होते. सलाईनची चकती नातेवाइकाने फिरवायची नाही, “लवकर संपवू या” म्हणून तर मुळीच नाही. बाटली संपून नळीत थोडं रक्त चढलेलं दिसलं किंवा बारीक बुडबुडा दिसला तर घाबरायचं कारण नाही, बेल दाबा. सुई लावलेला हात सुजला, लाल झाला, चरचरला तर मात्र रात्री दोनलाही सांगा. मशीन वाजायला लागलं की त्याचा आवाज बंद करायचा नाही. ऑक्सिजनचा आकडा वाढवायचा-कमी करायचा नाही, आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत उदबत्ती, निरांजन, काडेपेटी काहीही नको. अंगारा कपाळाला लावायचा असेल तर लावा, जखमेच्या पट्टीवर नको.

कधीकधी वॉर्डात माणूसबळ कमी असतं आणि तुम्हालाच सांगितलं जातं, पेशंटला खाली तपासणीला घेऊन जा. सरकारी दवाखान्यात तर हे सर्रास. स्ट्रेचरला हात लावायला हरकत नाही, पण एमआरआयच्या दाराच्या आत तिथल्या तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर खेचलं, त्याच्यासकट, आणि तो गेला. ते चुंबक कायम चालू असतं, तपासणी चालू नसतानाही. साडीची सेफ्टी पिन, किल्ल्या, मोबाइल, काहीच आत नको. कर्मचाऱ्याचं जोखमीचं काम तुमच्या हातात दिलं तर “हे आम्हाला जमणार नाही, माणूस द्या” म्हणायला संकोच करू नका.

पहिल्याच दिवशी मजल्यावरचा जिना कुठे आहे ते पाहून ठेवा आणि बेडच्या डोक्याशी असलेल्या प्लगवर किटली किंवा इंडक्शन लावू नका. २०२१ मध्ये आधी भंडाऱ्यात, मग नगरला रुग्णालयांत लागलेल्या आगी विसरण्यासारख्या नाहीत.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत एक गोष्ट घरच्यांना फार घाबरवते. दिवसभर नीट बोलणारे आजोबा रात्री अचानक मुलाला ओळखत नाहीत, “मला गावाला जायचंय, बैलगाडी आली” म्हणतात, सिस्टरवर हात उगारतात. ऑपरेशननंतर, विशेषतः सत्तरीच्या पुढे, असा भ्रम होतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. वेड लागलेलं नसतं आणि भूतबाधाही नसते. पण सिस्टरला सांगा, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, ऑक्सिजन कमी पडणं असं काही असू शकतं. तुमच्याकडून मदत इतकीच: चष्मा घाला, कानाचं मशीन लावा, समोर घड्याळ ठेवा, आज वार कुठला, आपण कुठे आहोत हे शांतपणे सांगत राहा, दिवसा खिडकी उघडी आणि रात्री टीव्ही बंद. वाद घालू नका. इथे ओळखीचा चेहरा औषधासारखा लागू पडतो, म्हणून अशा पेशंटसाठी आयसीयूतसुद्धा जास्त वेळ थांबू द्या म्हणून मागणी करा. हीच ती जागा जिथे मी नियमाला सूट द्यायचे.

बोलणी एकानेच करावीत. मुलगा सकाळी विचारतो, जावई दुपारी, मुंबईचे मामा फोनवर, आणि तिघांना तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन शब्दांत सांगितलेलं असतं. मग “इथे कोणाला काही माहीतच नाही” अशी ओरड होते. एक वही ठेवा. तीत प्रश्न लिहून राऊंडच्या वेळी विचारा, उत्तरही तिथेच लिहा. सकाळी आठ आणि दुपारी दोनच्या आसपास सिस्टरला तातडीचं सोडून काही विचारू नका, त्या वेळी एकीकडून दुसरीकडे पेशंटांचा हिशोब दिला जात असतो आणि त्यात खंड पडला की डोस सुटतो. संमतीपत्रावर कोरी जागा ठेवून सही करू नका. कोण ऑपरेशन करणार, कुठल्या बाजूचं, भूल कुठली, धोका काय, हे मराठीत समजावून घ्यायचा सासऱ्यांना हक्क आहे. सही त्यांचीच हवी, शुद्धीत असलेल्या माणसाच्या वतीने मुलाने परस्पर करायची नाही.

हक्कांचा विषय निघालाच आहे तर पैशांकडे येऊ. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले. त्यानुसार खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायला हवेत. दिसले नाहीत तर बिलिंग काउंटरवर मागा. औषधं रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. गुडघ्याच्या सांध्याच्या कमाल किमती केंद्राने २०१७ मध्ये बांधून दिल्या, म्हणून कुठल्या कंपनीचा कुठला सांधा आणि त्याची किंमत किती हे ऑपरेशनआधी लेखी घ्या, आणि बसवलेल्या सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर तुमच्या फाइलला लावून घ्या. दहा वर्षांनी कुठल्याही डॉक्टरला तेच लागतील.

ट्रस्टचं रुग्णालय आहे म्हणून आणखी एक. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तुम्ही त्या उत्पन्नात बसत असाल तर तहसीलदारांचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन दाखल होण्याआधी तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याला भेटा. डिस्चार्जच्या दिवशी कागद जमवायला लागलात तर फार उशीर होतो. सरकारच्या जनआरोग्य योजनेसाठी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याला विचारा. विमा असेल तर आधी पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा पाहा. मर्यादेच्या वरची खोली घेतली तर अनेक पॉलिसींत नुसता खोलीचा फरक कापत नाहीत, डॉक्टरांची फी आणि इतर खर्चही त्याच प्रमाणात कापतात. कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. सकाळी अकराला घरी जा म्हणाले आणि रात्री आठपर्यंत टीपीएचं, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीचं, उत्तर नाही, तर हे ठामपणे बोलून दाखवा, आणि बिलिंगने कागद कधी पाठवले ती वेळही विचारा. बऱ्याचदा कागदच उशिरा गेलेले असतात.

तक्रार असली तर आधी इनचार्ज सिस्टर, मग आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) किंवा वैद्यकीय अधीक्षक, तिथे नाही निभावलं तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी. आवाज चढवून, काच फोडून काही मिळत नाही. २०१० च्या कायद्याने रुग्णालयातल्या हिंसेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. वॉर्डातल्या मामा-मावशींच्या, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांच्या, चहापाण्याचं विचाराल तर, पैसे मागितले तर देऊ नका आणि इनचार्जच्या कानावर घाला. कोणी खरंच मनापासून केलं असेल तर जाताना त्याचं नाव घालून अधीक्षकांना दोन ओळी लिहून द्या. त्या कागदाचं मोल तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ आहे.

डिस्चार्जला कार्ड हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा. गोळ्यांची नावं, जुन्यांतल्या कुठल्या चालू आणि कुठल्या बंद, रक्त पातळ ठेवणारं औषध किती दिवस, टाके कधी, फिजिओ कुठे, आणि रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर. संपूर्ण केसपेपरच्या प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज द्या, मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घरी भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. जखमेवर हळद, तेल, कसलाही लेप लावायचा नाही. पट्टी ओली झाली, जखम लाल होऊन गरम लागायला लागली, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी यायला लागलं, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी वॉर्डला फोन करा आणि जवळच्या डॉक्टरांकडून परस्पर अँटिबायोटिक सुरू करू नका. ऑपरेशन केलेल्या सर्जनला ती जखम औषध पडण्याआधी बघायची असते.